आईचा कान

आमच्या आईला मिक्सर ऐकू येत असे. यात सांगण्यासारखे ते काय, असे आपण म्हणाल. मिक्सर कोणाला ऐकू येत नाही? नारायण पेठेत तर शेजारच्या तीन बिऱ्हाडांतलाही ऐकू येतो. खरे आहे. पण आपल्याला ऐकू येतो तो मिक्सरचा आवाज. आईला ऐकू येत असे तो मिक्सर. ती बाहेरच्या खोलीत खुर्चीवर पोथी घेऊन बसलेली असायची, स्वयंपाकघरात आमची ही चटणी वाटीत असायची, आणि पोथीवरची नजर न काढता आई मध्येच हाक मारायची, "अगं, तो रडतोय बघ. बंद कर आणि दोन चमचे पाणी घाल." ही बंद करून झाकण उघडी, तर पात्याखाली सुके खोबरे गच्च बसलेले असे.

आईच्या हिशेबी मिक्सरच्या तीन अवस्था होत्या. भांड्यात जिन्नस कमी असला म्हणजे तो 'हुंदडतो'. जिन्नस जड झाला म्हणजे 'रडतो'. आणि पाते अडले म्हणजे 'कण्हतो'. कण्हू लागला की हाक मारायला वेळ नसायचा. ती स्वतःच उठून यायची आणि बटण बंद करायची. हे तिला कोणी शिकवले होते असे नाही. तिने पाटा-वरवंट्यावर चाळीस वर्षे काढली. वाटण किती झाले हे हाताला कळायचे. पाटा गेला, मिक्सर आला, तेव्हा हाताचे ज्ञान तिने कानात नेऊन ठेवले, एवढेच.

हे सगळे आठवायला निमित्त झाले एका रोबोचे. 'रोबो' हा शब्द लिहिताना माझ्यातला मराठीचा प्राध्यापक किंचित अडखळतो; पण 'यंत्रमानव' म्हणावे तर त्यात मानवासारखे काही नव्हते. चार चाके, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा एक सांगाडा, पुढे खेकड्याच्या नांगीसारखा एक पंजा आणि पाठीवर तारांचे जंजाळ. हे प्रकरण २०२२ सालच्या उन्हाळ्यात आमच्या बाहेरच्या खोलीत दीड-दोन महिने मुक्कामाला होते. त्याच्याबरोबर पाच मुले आणि एक मुलगी. मुलगी आमचीच. तिला घरात चिऊ म्हणतात. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. महाविद्यालयाची कार्यशाळा संध्याकाळी बंद होत असे, आणि या मंडळींची बुद्धी संध्याकाळनंतरच चालू होत असे. तेव्हा मोदी गणपतीपासून हाकेच्या अंतरावर असलेले आमचे तिसऱ्या मजल्यावरचे घर त्यांना सोयीचे वाटले. सोयीचे वाटण्यात आईच्या हातच्या थालीपिठांचाही वाटा होता, असा माझा संशय आहे.

हे सारे चालले होते रोबोकॉनसाठी. पुणेकरांना हे नाव अगदीच अनोळखी नसावे. आशिया आणि पॅसिफिक भागातल्या प्रसारणसंस्थांच्या संघाने ही स्पर्धा २००२ साली तोक्योला सुरू केली. दरवर्षी एक देश यजमान होतो, आणि त्याने आपल्याकडचा एखादा खेळ, सण किंवा कथा घेऊन त्यावर रोबोंचा सामना बेतायचा. आपल्या देशात त्यासाठी आधी राष्ट्रीय फेरी होते. भारताकडे यजमानपद तीनदा आले, त्यांतले दोनदा पुण्यालाच, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात. २००८ साली विषय होता दहीहंडीचा. देशोदेशींची पोरे आपापले लोखंडी गोविंदा घेऊन आली, आणि लोणी पळवून नेले चीनमधल्या शिआनच्या विद्यार्थ्यांनी. २०१४ साली पालकत्वाचा विषय होता : एक रोबो आई किंवा बाप, दुसरा त्याचे मूल, आणि मोठ्याने धाकट्याला उचलून बागेत खेळायला न्यायचे, सीसॉवर, झोपाळ्यावर बसवायचे. त्या खेपेस व्हिएतनामच्या लाक हाँग विद्यापीठाने बाजी मारली. आणि २०२२ साली, स्पर्धा दिल्लीला असताना, विषय निघाला लगोरीचा!

लगोरी म्हणताच मी खुर्चीत सावरून बसलो. इतका वेळ या मंडळींच्या बोलण्यातला एकही शब्द मला माझा वाटला नव्हता. आता मात्र मी अधिकारी माणूस झालो. आमच्या जुन्या वाड्याच्या चौकात मी लगोरी फोडण्यात पटाईत होतो, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी ते आदराने ऐकून घेतले आणि पुन्हा बॅटरीविषयी बोलू लागले.

खेळ साधारण आपलाच. एक रोबो चेंडू मारून लगोरी पाडणार, दुसरा पडलेल्या चकत्या उचलून पुन्हा रचणार. चकत्या पाच. रचणाऱ्याच्या डोक्यावर एक चेंडू ठेवलेला, आणि रचण्याचे काम चालू असताना प्रतिस्पर्ध्याने चेंडू मारून तो पाडायचा. आमच्या खोलीत मुक्कामाला होता तो रचणारा. आता चकती उचलणे म्हणजे काय मोठे, असे मला वाटले. माझी कल्पना चुकली. आपण वाटी उचलतो तेव्हा वाटी हातात आली हे हाताला कळते. रोबोच्या पंजाला काय कळणार? त्याला नुसते 'मीट' म्हणायचे आणि तो मिटतो. चकती मध्ये असली तरी मिटण्याचा प्रयत्न करतो, नसली तरी करतो, आणि चकती तिरकी अडकली तरी करीतच राहतो. करीत राहतो म्हणजे त्याची मोटर जळते. मंडळींनी मार्चमध्येच दोन मोटरी जाळल्या होत्या. त्या मोटरी आमच्या खिडकीत हुतात्म्यांसारख्या मांडून ठेवलेल्या होत्या.

"म्हणून करंट सेन्सर लावायचा, बाबा," चिऊ म्हणाली.

"प्रवाहसंवेदक," मी म्हटले.

"तेवढं म्हणेपर्यंत मोटर जळेल."

पण शब्दावर न भांडता तिने मला ते समजावून दिले, आणि मला ते समजले, याचा मला अजून अभिमान वाटतो. मोटर फिरत असते तेव्हा ती नुसती वीज खात नाही; फिरता फिरता ती स्वतःच थोडी उलटी वीज तयार करते, आणि आत येणाऱ्या विजेला अडवून धरते. म्हणून मोकळी फिरणारी मोटर थोडासाच प्रवाह घेते. भार वाढला, गती मंदावली, की हा विरोध कमी होतो आणि प्रवाह वाढतो. मोटर पुरती अडली की विरोध संपलाच. मग उरते ती केवळ तांब्याच्या तारेची अडवणूक, आणि ती असते अगदी किरकोळ. चिऊच्या मोटरीचा हिशेब असा होता : बॅटरी १२ व्होल्टची, तारेचा रोध ०.६ ओहम. मोकळी फिरताना ती दीड अँपिअरच्या आसपास घेई. अडली की १२ भागिले ०.६, म्हणजे २० अँपिअर. आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. वीस गुणिले वीस गुणिले ०.६ : २४० वॅट. साठ वॅटच्या जुन्या चार दिव्यांची धग एका पेरूएवढ्या मोटरीत कोंडली तर दुसरे काय होणार?

तेव्हा मोटरीला काय होते आहे ते तिच्याकडे न बघता, तिच्या तारेतून किती प्रवाह जातो यावरून ओळखायचे. त्याचा एक जुना मार्ग असा की, तारेच्या वाटेत एक अगदी बारीक रोध बसवायचा आणि त्याच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट पडतात ते मोजायचे. ०.०१ ओहमचा रोध असेल तर २० अँपिअरला ०.२ व्होल्ट. स्वस्त आणि सरळ. पण तो रोध स्वतःच तापतो. दुसरा मार्ग मला अधिक आवडला, कारण त्यात सोन्याचा वर्ख आहे. तारेतून वीज गेली की भोवती चुंबकत्व निर्माण होते, हे १८२० साली ओरस्टेड याने दाखविले. पुढे १८७९ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल नावाच्या संशोधक विद्यार्थ्याने काचेवर सोन्याचा पातळ वर्ख लावला, त्यातून वीज सोडली आणि त्यावर चुंबक धरला. तेव्हा वर्खाच्या दोन बाजूंमध्ये किंचितसा विद्युत्दाब दिसू लागला. चुंबक जोरकस, तसा हा दाब जास्त. एवढ्याच गोष्टीवर हा सेन्सर चालतो. मोटरीचा प्रवाह नखाएवढ्या चिपमधल्या तांब्याच्या वाटेने जातो, त्याचे चुंबकत्व शेजारच्या चिमुकल्या पट्टीला जाणवते, आणि प्रवाहाला स्पर्शही न करता त्याचे माप बाहेर येते. प्रवाह शून्य असला की २.५ व्होल्ट, आणि पुढे दर अँपिअरला ०.१ व्होल्टची भर. बुधवारातल्या तपकीर गल्लीत हा पदार्थ मिळतो. आम्ही मिठाईवर वर्ख लावतो आणि खाऊन टाकतो. त्या गृहस्थाने त्यातून हे काढले.

हे झाले शास्त्र. प्रत्यक्षात त्या सेन्सरने आमच्या घरात उच्छाद मांडला. पंजाला 'मीट' म्हणावे, तो अर्धा इंच हलावा आणि थांबावा. पुन्हा म्हणावे, पुन्हा थांबावा. सेन्सरचे म्हणणे एकच : मोटर अडली, मोटर अडली! कशानेही अडलेली नसताना. दोन रात्री त्यांनी कोळ्याच्या जाळ्यातून तार शोधावी तशी एकेक जोडणी तपासली. एकदा तर मोटरीची वीजच तोडलेली असताना सेन्सर दोन अँपिअर दाखवीत होता. ते कोडे त्यातल्या एका अबोल मुलाने सोडविले. सेन्सर मोटरीला अगदी चिकटून बसविला होता, आणि मोटरीच्या पोटात चुंबक असतात. बिचारी पट्टी शेजाऱ्याच्या चुंबकालाच प्रवाह समजत होती. सेन्सर चार बोटे दूर नेला तेव्हा ते दोन अँपिअर गेले. पेठेत राहणाऱ्याला हे सहज समजावे.

पण उगीच थांबणे काही जाईना. स्पर्धा जवळ येत होती. एका रात्री साडेबारा वाजता संघात दोन तट पडले. चिऊ आणि तो अबोल मुलगा एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या बाजूला. आवाज चढले. आई आतल्या खोलीत झोपली होती, म्हणून मी मध्यस्थीला उठलो. मी दोन्ही पक्ष ऐकले, चष्मा पुसला, आणि वडीलकीच्या सुरात म्हणालो, "जी गोष्ट काम करण्यापेक्षा काम थांबवण्यातच पुढे असते, ती काढून टाकावी. सारखं बंद पडणाऱ्या यंत्रापेक्षा बिनसेन्सरचं बरं."

चार जणांना हा निकाल फार आवडला. चिऊ काही बोलली नाही. तिने तो हिरवा तुकडा सोडवून डबीत ठेवला.

हे झाले त्यानंतरच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. चैत्रातले दिवस; आमच्याकडे गौरीचे हळदीकुंकू होते. पन्ह्याची कैरी उकडून झाली होती, आणि आईने डाळीचे काम स्वतःकडे घेतले होते. आंब्याची डाळ ही दुसऱ्याच्या हातची तिला चालत नाही. हरभऱ्याची भिजवलेली डाळ, तीही जाडसर, पाण्याचा थेंब न घालता वाटायची. मिक्सरला यापरते मोठे संकट नाही. आम्ही सगळे बाहेर होतो. मी वर्तमानपत्र वाचीत होतो, मुले पंजा नव्याने जुळवीत होती. आत मिक्सर सुरू झाला. थोडा वेळ नीट चालला. मग त्याची शीळ खाली उतरली. मग ती गेलीच, आणि नुसती घरघर राहिली. मी मनात म्हटले, आता आई बंद करील. तिच्याइतके हे कोणाला कळते?

घरघर चालूच राहिली.

"स्टॉल! स्टॉल झालाय तो!" तो अबोल मुलगा ओरडला आणि चपळाईने आत धावला. त्याच्यामागे चिऊ, तिच्यामागे मी. ओट्यापाशी आई उभी होती. एक हात मिक्सरच्या झाकणावर घट्ट दाबलेला, तोंड खिडकीकडे. खाली भाजीवाला आला आहे का ते ती पाहत होती. मिक्सरच्या बुडातून निळसर धूर निघून तिच्या पदराशी वळसे घेत होता. मुलाने बटण बंद केले तेव्हा तिने वळून पाहिले. आम्हां सगळ्यांना असे दाराशी गोळा झालेले पाहून तिला नवल वाटले.

"कसला रे वास येतोय?" तिने विचारले.

कोणी काही बोलले नाही. ही देवघरातून आली, तिने मिक्सरकडे पाहिले, आईकडे पाहिले, आणि खिडकी सताड उघडली. मुलाने गार झाल्यावर मिक्सर उलटा केला. बुडाला एक तांबडे बटण असते. भार फार झाला की ते आपसूक बाहेर येते आणि वीज तोडते. त्याने चार स्क्रू काढून आत पाहिले आणि म्हणाला, "काका, ह्याचा ट्रिप कोणी शॉर्ट केलाय? दोन्ही वायरी एकत्र पिळून वर टेप लावलीय."

कोणी, ते मला ठाऊक होते. सहा-सात वर्षांपूर्वी होळीच्या दिवशी पुरणाची डाळ वाटताना ते बटण चारदा बाहेर आले होते. मी मिक्सर पिशवीत घालून दुरुस्तीला नेला आणि त्या गृहस्थाला म्हणालो, "हे सारखं बंद पडणं काढून टाका हो." तो नको म्हणत होता. मी त्याला गिऱ्हाईक या नात्याने गप्प केले. पुढे सहा-सात वर्षे काही झाले नाही, कारण बटणाचे काम आईचा कान करीत होता. बटण गेले हे आम्हांला कळले नाही, आणि कान गेला हेही कळले नाही. दोन्ही एकाच दुपारी कळले.

चिऊने माझ्याकडे एकदा पाहिले. परवा रात्रीचा माझा निकाल तिच्याही ध्यानात आला असावा. पण ती आईवर गेली आहे. सर्वांदेखत बोलणारी नाही. रात्री पाने मांडताना तिने एवढेच विचारले, "बाबा, आजीला कधीपासून ऐकू येत नाही?"

मला उत्तर देता येईना. मी महाविद्यालयात ध्वनिविचार शिकवतो. घर्ष वर्ण, स्फोट वर्ण, कोणता ध्वनी कोठे उच्चारला जातो, हे फळ्यावर तोंडाचे चित्र काढून सांगतो. आणि माझ्याच घरातल्या माणसाला ध्वनी येईनासे झाले ते कधी, हे मला सांगता येत नव्हते. मग एकेक आठवू लागले. गेले वर्षभर तिने स्वयंपाकघराकडे हाक मारली नव्हती. फोन वाजला की ती तो दुसऱ्याच्या हाती देई, "तूच बोल, मला कंटाळा आलाय" असे म्हणून. कीर्तनाला जाणे तिने बंद केले होते. म्हणे, बुवांत राम राहिला नाही. आम्ही काहीही विचारले की "हो" म्हणे, आणि म्हातारपणी आई किती निवळली, असे आम्ही उभयता कौतुकाने बोलत असू! तिने हे लपवले होते, आणि फार हुशारीने लपवले होते. का लपवले असे मी तिला अजून विचारलेले नाही. नातीच्या शिक्षणाचा खर्च, माझा स्वभाव, तिचा स्वभाव. यांतले काहीतरी असेल.

कानाच्या डॉक्टरांनी तपासणी केली आणि एक आलेख हातात दिला. रेघ डावीकडे बरी होती, उजवीकडे घसरत गेली होती. वयपरत्वे जाणारा कान उंच स्वरांकडून जाऊ लागतो. स्वर जाड असतात, ते पोचतात. स, श, फ, त असले बारीक वर्ण आधी हरवतात. म्हणून माणूस म्हणतो, आवाज येतो पण शब्द कळत नाहीत. मला मिक्सरचे कोडे तिथे, त्या खुर्चीत उलगडले. मिक्सर चांगला फिरतो तेव्हा त्याची शीळ उंच असते, आणि अडला की ती उतरून घरघर उरते. आईला ती शीळ केव्हाच येईनाशी झाली होती. तिला आरंभापासून शेवटपर्यंत घरघरच ऐकू येत असे. रडतो आहे की गातो आहे, हे कळायला आधी गाणे ऐकू यावे लागते.

तिकडे रोबोचे काय झाले, ते सांगायला हवे. मिक्सर जळाला त्या रात्री मी मंडळींसमोर माझा निकाल परत घेतला. न्यायाधीशाने असे करणे शोभत नाही, पण मला बरे वाटले. चिऊने डबी उघडली. आणि सारखे थांबण्याचे कारणही दोन दिवसांत सापडले, ते इतके साधे होते की, सगळे एकमेकांकडे पाहून हसले. मोटर सुरू होण्याच्या क्षणी तीही उभीच असते ना! उलटी वीज तयार व्हायला आधी ती फिरायला हवी. म्हणजे आरंभीच्या क्षणी ती अडलेल्या मोटरीइतकाच प्रवाह ओढते, आणि सेन्सरला वाटते की अडली. सेन्सर खोटे बोलत नव्हता; आम्ही त्याला चुकीच्या वेळी विचारीत होतो. "सुरुवातीला सगळ्याच ओरडतात," तो अबोल मुलगा म्हणाला. "ओरडणं थांबतं का ते बघायचं." त्यांनी पहिल्या पाव सेकंदातले माप सोडून द्यायचे ठरविले, आणि पुढचे एकेक माप न घेता दहा-दहांची सरासरी घ्यायची, म्हणजे मधल्या फुसक्या उसळ्या मोजल्या जाणार नाहीत. पंजा शहाण्यासारखा वागू लागला. इतकेच नव्हे, तर त्याला हात आला. मिटता मिटता प्रवाह चढला म्हणजे चकती सापडली; पुरता मिटेपर्यंत चढलाच नाही, म्हणजे हात रिकामा. अर्ध्यावरच फार चढला, म्हणजे चकती तिरकी. सोड आणि पुन्हा धर. मी तिथे बसून तीस-चाळीस वेळा ती चकती त्याच्यापुढे तिरकी धरली. तो दर खेपेस सोडी, मागे सरे आणि पुन्हा धरी. मला त्याचा लळा लागला, हे कबूल करतो.

दिल्लीला आमचा संघ लवकरच बाद झाला. समोरच्यांचा नेम फार चांगला होता. चिऊच्या मैत्रिणीने काढलेली चित्रफीत आम्ही घरी पाहिली. तिच्यात पंजाने एक चकती तिरकी धरली, क्षणभर थबकला, सोडली, आणि नीट धरून जागेवर ठेवली. पुढच्याच क्षणी चेंडू येऊन डोक्यावरचा चेंडू उडाला. आईने ती चित्रफीत तीनदा पाहिली. "धरलेलं सोडतो, हे चांगलं शिकवलंस," ती चिऊला म्हणाली. मोटर जळाली नव्हती. खिडकीत तिसरा हुतात्मा आला नाही.

आईला कानाचे यंत्र आणले. ती ते कीर्तनाला जाताना लावते आणि घरी आली की डबीत काढून ठेवते. स्वयंपाकघरात लावायला ती तयार नाही. भांड्यांचा आवाज डोक्यात जातो म्हणते. यंत्रात भांडी आणि माणसे यांत भेद नाही, ही तिची तक्रार आहे, आणि ती अगदीच खोटी नाही. नवा मिक्सर आणला. त्याचे तांबडे बटण शाबूत आहे, आणि त्याला हात लावायची मला मनाई आहे.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत चिऊने एक खोके तयार केले. घरातल्या विजेशी खेळ नको म्हणून आधी आपल्या सरांना नेऊन दाखविले. मिक्सरची पिन त्या खोक्यात लावायची. आतल्या एका तारेभोवती वेटोळ्याचे एक कडे बसवलेले. घरातली वीज दिशा बदलत राहते, म्हणून तिथे साधे वेटोळे पुरते. वर्खाची करामत बॅटरीच्या एकदिश विजेला लागते, असे तिने मला सांगितले. प्रवाह बेताचा असला की हिरवा दिवा, चढला की तांबडा. दिवे मात्र तिने खोक्यावर बसविले नाहीत. एक लांब तार काढून, भिंतीच्या कडेने खिळे मारीत ती बाहेरच्या खोलीत नेली, आणि ते दोन दिवे आईच्या खुर्चीशेजारच्या खिडकीच्या चौकटीत लावले. मी म्हटले, "अगं, मिक्सर आत, दिवा बाहेर, याचा उपयोग काय?" तिने मला उत्तर दिले नाही.

वसुबारसेच्या दिवशी सकाळी आई खुर्चीत पोथी घेऊन बसली होती. आत ही खोबऱ्याची चटणी वाटीत होती. मिक्सर सुरू झाला. चौकटीतला हिरवा दिवा लागला. आईने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले, पान उलटले. थोड्या वेळाने आतला आवाज जड झाला. मला तो ऐकू आला, हिला तर आलाच असणार. दिवा तांबडा झाला.

"अगं, तो रडतोय बघ," आईने हाक मारली. "बंद कर आणि दोन चमचे पाणी घाल."

आत मिक्सर आधीच बंद झालेला होता. झाकण उघडल्याचा, चमचा वाटीला लागल्याचा आवाज आला, आणि मग आमची ही, आईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात, आतून म्हणाली, "हो आई, घालते."